वंशावळीची वाट जिल्ह्याच्या दप्तरातून. बंगळुरूतील मराठी कुटुंबांना पूर्वजांचा शोध कसा घेता येईल?

बंगळुरू : होसूर आणि सरजापूर या दोन मार्गांवरून नाव पडलेली एचएसआर लेआउट ही बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसवलेली सात सेक्टरांची वसाहत आहे. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. मुलांचा महाराष्ट्रातील प्रवेश, जात प्रमाणपत्राची पडताळणी, गावाकडील जमिनीतील वाटा किंवा केवळ जिज्ञासा अशा कोणत्याही कारणाने या घरांत पूर्वजांचा विषय निघतो, तेव्हा आजोबांपर्यंतची नावे सहज सांगता येतात. पणजोबांपाशी स्मरण अडखळते आणि खापरपणजोबांपाशी बहुधा थांबते.

त्यापुढील शोध संगणकाच्या पडद्यावर आडनाव टाकून पूर्ण होत नाही. भारतात कुटुंबाच्या जुन्या नोंदी व्यक्तीच्या नव्हे, तर गावाच्या नावाने ठेवल्या गेल्या आणि त्या गाव, तालुका व जिल्हा या उतरंडीत साठत गेल्या. कुटुंब बंगळुरूला आले, तरी नोंद मागेच राहिली. त्यामुळे शोधाचा पहिला प्रश्न ‘आपले पूर्वज कोण’ हा नसून ‘आपले मूळ गाव त्या काळी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या राज्यात होते’ हा असतो.

जनगणना बंद, जमीन खुली

पाश्चात्त्य देशांत कौटुंबिक इतिहासाचा शोध दोन आधारांवर चालतो. पहिला आधार स्थानिक नोंदणीचा. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चच्या परगण्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाला आणि १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. अमेरिकेत विवाह, मृत्युपत्रे व जमिनीचे व्यवहार यांची दप्तरे प्रामुख्याने काउंटीच्या कार्यालयांत आढळतात. दुसरा आधार जनगणनेचा. अमेरिकेत ७२ वर्षांनी कुटुंबनिहाय जनगणना खुली होते. १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये अभ्यासकांना उपलब्ध झाली.

भारतात हा दुसरा आधार नाही. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार प्रगणकाने घेतलेली व्यक्तिगत माहिती गोपनीय असून ती पाहण्यास खुली नसते. जन्म-मृत्यूची सक्तीची एकसमान नोंदणीही उशिरा आली. १८८६ चा कायदा ऐच्छिक नोंदणीचा होता. देशभरासाठीचा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला आणि बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी महसुली दप्तर हाच मुख्य आधार ठरतो. सरकारला सारा हवा होता, साऱ्यासाठी खातेदाराचे नाव हवे होते आणि खातेदार मृत्यू पावल्यावर त्याचे वारस कोण, हेही लिहून ठेवणे आवश्यक होते. या गरजेतून नकळत कोट्यवधी कुटुंबांचा इतिहास लिहिला गेला.

गाव तेच, जिल्हा वेगळा

महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. आजच्या पत्त्यावरून जुनी नोंद शोधणारा म्हणूनच अनेकदा चुकीच्या कार्यालयात पोहोचतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. लातूर १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबादमधून, तर गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपूरमधून निघाला. १९९८ मध्ये वाशीम व नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि २०१४ मध्ये पालघर हे जिल्हे अस्तित्वात आले. रायगड जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जात असे. सांगली जिल्ह्याचे जुने कागद ‘दक्षिण सातारा’ या नावाखाली सापडतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नावांचे बदल तर अगदी अलीकडचे आहेत.

सीमाभागात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. मात्र बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडच्या कुटुंबाची १९५६ पूर्वीची नोंद म्हणूनच बेळगाव जिल्ह्याच्या नावाने लिहिलेली असते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या प्रशासनाखाली होता. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट आणि सावंतवाडी ही स्वतंत्र संस्थाने असून त्यांची दप्तरे वेगळी होती. पूर्वजांचे गाव ‘खालसा’ मुलखात होते की संस्थानात, हे ठरल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.

कोणता कागद काय सांगतो

शोधाची सुरुवात आजच्या सातबारा उताऱ्यापासून करावी. गाव नमुना सात आणि बारा यांच्या या उताऱ्यावर खातेदारांच्या नावांबरोबर फेरफारांचे क्रमांक असतात. हे क्रमांक म्हणजे मागील पिढीकडे जाणाऱ्या पायऱ्या होत. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली ‘अमुक मयत, वारस अमुक अमुक’ अशी नोंद सापडते. सहा-क ही वारसांची स्वतंत्र नोंदवही होय. एका फेरफारातून दुसऱ्याकडे असे मागे गेल्यास मुंबई इलाख्यातील अनेक गावांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पोहोचता येते.

गाव नमुना चौदा, ज्याला बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात, ही गावातील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही होय. तीत नाव, वडिलांचे नाव व तारीख यांबरोबर बहुधा जातीचाही उल्लेख असतो. मराठवाड्यात खासरा पत्रक व पाहणी पत्रक, तसेच कुळ नोंदवही महत्त्वाची ठरते. काही ठिकाणी १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर शिल्लक आहे. भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक, पक्का बुक व हक्कनोंदणीचे कागद असतात. सहनिबंधक व दुय्यम निबंधकांच्या दप्तरात खरेदीखते, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे नोंदलेली असतात. वंशावळीत अचानक परके वाटणारे नाव आले, तर दत्तकपत्र हाती येईपर्यंत ते नाव खोडण्याची घाई करू नये.

हे कागद एका छताखाली नसतात. चालू दप्तर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे असते. जुने दप्तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आणि काही जिल्हा अभिलेखागारात जमा झालेले असते. गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि अंदाजे कालखंड लिहून नक्कलेसाठी अर्ज केल्यास प्रमाणित प्रत मिळते. महाराष्ट्राच्या महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार यांच्या छायाप्रती पाहता येतात. एचएसआर लेआउटमधील कुटुंबाला प्रवास करण्यापूर्वी घरबसल्या करता येण्यासारखे हे पहिले काम आहे.

मोठ्या घराण्यांचे, तसेच इनामदार व वतनदार कुटुंबांचे कागद याहून मागे जातात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिल्यानंतर इनाम टिकवण्यासाठी कुटुंबांनी आपल्या हक्काच्या कैफियती सादर केल्या आणि त्यांसोबत वंशावळी जोडल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडी कागदांची संख्या कोटींत मोजली जाते. कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय पुराभिलेखागारे आहेत. खासगी कागदपत्रांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ हे महत्त्वाचे केंद्र आहे.

मोडी, उर्दू आणि सनांचा हिशेब

जुना कागद हाती आला, तरी तो वाचता येईलच असे नाही. मुंबई इलाख्यातील आणि दक्षिणेतील संस्थानांचे कागद मोठ्या प्रमाणात मोडी लिपीत आहेत आणि ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोर पाळला जात नाही. शब्द तोडून लिहिले जात नाहीत आणि संक्षेप भरपूर असतात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘मौजे’ म्हणजे खेडे, हे ध्यानी ठेवले तरी अर्धी ओळ उलगडते. मराठवाड्यातील निजामकालीन कागद बहुधा उर्दूत असून तेथे ‘बिन’ऐवजी ‘वलद’ आढळतो. मोडी अथवा उर्दू जाणकाराकडून लिप्यंतर करून घेताना मूळ कागदाची प्रत व लिप्यंतर दोन्ही जपून ठेवणे हिताचे असते.

सनांचा घोळ हा दुसरा अडथळा होय. शके आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८२२ म्हणजे सन १९००. दख्खनच्या फसली सनात साधारण ५९० मिळवावे लागतात. फसली १३२० म्हणजे सुमारे १९१०. सुहूर सनात ही बेरीज सुमारे ५९९ ची होते आणि त्यातील अंक अनेकदा अरबी शब्दांत लिहिलेले असतात. हा हिशेब चुकल्यास बाप आणि मुलगा यांची जागा बदलून जाते.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती

महसुली दप्तराची मोठी मर्यादा म्हणजे जमीन नसलेल्यांची त्यात दखल नसते. भूमिहीन मजूर, भटक्या जमाती, कारागीर आणि गिरणी कामगार यांचे पूर्वज सातबाऱ्यावर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, कोतवाल बुक, वतनांचे कागद, सैनिकी सेवेच्या नोंदी आणि सरकारी नोकरांची सेवापुस्तके हे मार्ग उरतात. काही कुटुंबांची नावे तर पोलीस ठाण्याच्या किंवा कारागृहाच्या जुन्या नोंदवह्यांत आढळतात.

शाळेच्या एका नोंदीचे मोल काय असते, याचे सर्वांत परिचित उदाहरण साताऱ्यात आहे. तेथील तत्कालीन सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव नोंदले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हा शाळाप्रवेश असून राज्यात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वंशेतिहासाच्या दृष्टीने या नोंदीत तीन धडे आहेत. जन्म महू येथे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे आणि शाळा साताऱ्यात. म्हणजे एकाच व्यक्तीसाठी तीन ठिकाणे शोधावी लागतात. रजिस्टरातील नाव भीमराव नसून भिवा आहे. म्हणजे घरगुती नावही शोधात धरावे लागते. कुटुंबाचे पूर्वीचे आडनाव सकपाळ होते. म्हणजे आडनाव स्थिर असते, हे गृहीतही टिकत नाही.

दुसरी मोठी अनुपस्थिती स्त्रियांची आहे. पारंपरिक वंशावळीत मुलगे लिहिले जातात आणि मुली वगळल्या जातात. लग्नानंतर आडनाव, अनेकदा पहिले नावही बदलत असल्याने माहेरची मुलगी आणि सासरची सून यांचा दुवा कागदावर तुटतो. हा दुवा जुळवण्यास दोन कागद उपयोगी पडतात. पहिला, विधवेचे नाव लागल्याचा फेरफार. दुसरा, बहिणींनी भावांच्या नावे लिहून दिलेले हक्कसोडपत्र. ज्या कागदाने बहिणींनी वाटा सोडला, त्याच कागदावर त्यांची नावे अनेकदा पहिल्यांदा एकत्र येतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेली दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय यांमुळे सहदायकी मालमत्तेत मुलींचा जन्मसिद्ध हक्क स्पष्ट झाला आहे. मुलींना वगळणारी वंशावळ आज केवळ अपुरीच नव्हे, तर वादाला निमंत्रण देणारी ठरते.

हेळवी, तीर्थोपाध्ये आणि कुलवृत्तान्त

सरकारी दप्तराबाहेरही वंशावळी जपल्या गेल्या. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि उत्तर कर्नाटकात हेळवी समाजातील वंशलेखक ठरावीक घरांकडे परंपरेने येतात आणि त्या घराच्या पिढ्या वाचून दाखवतात. नवे जन्म, विवाह व मृत्यू यांची भर घातली जाते आणि त्या बदल्यात धान्य अथवा दक्षिणा दिली जाते. अन्य भागांत भाटांकडे अशाच पोथ्या आहेत. कुटुंब शहरात गेले की ही भेट खंडित होते. त्यामुळे गावातील भाऊबंदांकडे ‘आपले हेळवी कोण’ ही विचारणा लवकर केलेली बरी.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, काशी, प्रयाग, गया आणि हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. या वह्या मूळ गाव व आडनाव यांनुसार लावलेल्या असून त्यांत यात्रेला आलेल्या व्यक्तीचा स्वहस्ते केलेला लेखही सापडतो. पूर्वजाचे प्रत्यक्ष हस्ताक्षर दिसावे, अशी जागा याखेरीज विरळाच. येथेही गाव सांगितल्याशिवाय वही उघडत नाही.

मराठीत कुलवृत्तान्तांची स्वतंत्र परंपरा असून अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात आपल्या शाखा-उपशाखांचे ग्रंथ छापले. ते वाट दाखवतात, परंतु त्यांतील जुन्या पिढ्या अनेकदा ऐकीव माहितीवर आधारलेल्या असल्याने मूळ कागदाशी पडताळणी आवश्यक असते. गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबांना पोर्तुगीजकालीन नागरी नोंदणी आणि पुरुषांच्या वंशपरंपरेने चालत आलेल्या कोमुनिदादच्या गावकरांच्या याद्या यांचा आधार मिळतो.

प्रमाणपत्रासाठी शोध

गेल्या काही वर्षांत वंशावळीचा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाच्या केंद्रस्थानी आला. मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे तिची व्याप्ती राज्यभर वाढवली. या मोहिमेत महसूल, शिक्षण, पोलीस, कारागृह, उत्पादन शुल्क, नोंदणी व भूमी अभिलेख अशा विभागांची जुनी दप्तरे तपासण्यात आली. राज्यभरात कुणबी अशा पन्नास लाखांहून अधिक नोंदी आढळल्याचे सरकारने सांगितले. जिल्हा प्रशासनांनी अशा नोंदी गावनिहाय संकेतस्थळांवर ठेवल्याने परराज्यातील कुटुंबांनाही त्या पाहता येतात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याची कार्यपद्धती आली. मात्र गॅझेटियरमध्ये प्रदेशाचे वर्णन व समाजांची संख्या असते, व्यक्तीची वंशावळ नसते. कुटुंबाचा दुवा स्वतंत्रपणेच सिद्ध करावा लागतो.

जात प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात मानीव दिनांक ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. त्या दिवशी अर्जदाराच्या कुटुंबाचे वास्तव्य जेथे होते, तेथील सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. बंगळुरूत जन्मलेल्या मुलाच्या अर्जाची वाटही म्हणूनच आजोबांच्या तालुक्याकडे जाते. अर्जासोबतची वंशावळ शपथपत्रावर दिली जाते; पण शपथपत्र हा दावा असतो. बाप-मुलाच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा कागद असेल, तरच तो पुरावा ठरतो. एक कडी निसटली, तर शंभर वर्षांपूर्वीची अस्सल नोंदही निरुपयोगी होते.

बंगळुरूच्या मातीतील नोंदी

सर्वच मराठी कुटुंबे अलीकडे आलेली नाहीत. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळुरू घेतल्यानंतर हा प्रदेश शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आला. त्या काळापासून बंगळुरू, कोलार आणि तंजावर परिसरात मराठी घराणी स्थिरावली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने कोरलेला भोसले घराण्याचा मराठी लेख म्हणजे दगडावरील वंशेतिहासच होय. दक्षिणेतील अशा कुटुंबांना महाराष्ट्राकडे न वळता विधानसौधातील कर्नाटक राज्य अभिलेखागार आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथे आधी शोध घ्यावा लागतो.

एचएसआर लेआउटची भूमीही नोंदींविना नाही. अगरा आणि आसपासच्या खेड्यांच्या शेतजमिनींवर ही वसाहत उभी राहिली. त्या गावांतील मूळ कुटुंबांचे पूर्वज बंगळुरू दक्षिण तालुक्याच्या महसुली दप्तरात आहेत. कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी ‘पहाणी’ असते. ती ‘भूमी’ प्रणालीत संगणकावर आली असून नाडकचेरीमार्फत वंशवृक्षाचे प्रमाणपत्र दिले जाते. तालुका कार्यालयांतील जुने कागद संगणकीकृत करण्याची ‘भू सुरक्षा’ योजनाही २०२४ पासून राबवली जात आहे. बेळगाव, बिदर वा कारवारकडील मराठी कुटुंबांना याच यंत्रणेचा उपयोग होतो.

शोध सुरू करणाऱ्यांनी प्रथम घरातील ज्येष्ठांकडून मूळ गाव, कुलदैवत, भाऊबंदांची गावे आणि घरगुती नावे लिहून घ्यावीत. त्यानंतर त्या गावाचा १९५६ पूर्वीचा तालुका व जिल्हा निश्चित करावा. मग सातबारा, फेरफार व शाळेचे रजिस्टर या क्रमाने एकेक पिढी मागे जावे. प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत घेऊन तीवर कार्यालय, नोंदवही व पान क्रमांक टिपून ठेवावा. हयात व्यक्तींचे जन्मदिनांक व कागदपत्रे सार्वजनिक संकेतस्थळांवर टाकणे टाळावे. जुनी दप्तरे वाळवी, दमट हवा आणि हाताळणी यांमुळे झिजत आहेत. छायाप्रती घेण्याचे काम सर्वत्र सारख्या गतीने झालेले नाही. मात्र दप्तरातील पान उद्याही मागता येते. ते कोणत्या गावाचे, हे सांगणारे आजी-आजोबा आज घरात असतील, तर पहिली नोंद त्यांच्याकडून घ्यावी लागते.